मिरची आपली, मग चॉकलेट परकं कसं?

गेल्या मे महिन्यात एका मैत्रिणीच्या ऑफिसातली चार माणसं आमच्याकडे खारदांड्याला जेवायला आली होती. त्यांना 'ऑथेंटिक कोळी जेवण' हवं होतं. आईनं सकाळपासून राबून ते केलं: भरलेलं पापलेट, कोळंबीचं सुकं, बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. फोटो निघाले. भाकरी थापणाऱ्या आईच्या हातांचा व्हिडिओ निघाला. जेवणं झाल्यावर मी फ्रीजमधून स्टीलचा चौकोनी डबा काढला, वड्या पाडल्या आणि बशांत वाढल्या. तीन थर होते. खाली बोरबन बिस्किटांचा चुरा, मध्ये पुदिन्याचा फिकट थर, वर चॉकलेट.

"हा कोळी लोकांचा गोड पदार्थ का?" एकानं मोबाइल सरसावत विचारलं.

"नाही हो. मिंट चॉकलेट आहे. मला आवडतं म्हणून करते."

मोबाइल खाली गेला. "अच्छा. हे काय, कुठेही मिळतं. तुमचं ते काहीतरी ठेवायचं ना."

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं नंतर दोन वड्या खाल्ल्या, हेही नोंदवून ठेवते. पण 'तुमचं ते' हे दोन शब्द मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले. आमचं ते म्हणजे काय? ते कोणी ठरवलं? आणि ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी रोज फक्त 'त्यांचं ते' शिजतं का?

माझं म्हणणं सरळ आहे. आवडलेला पदार्थ घरी करून बघणं ही स्वयंपाकघरातली सगळ्यात जुनी गोष्ट आहे, आणि ती करायला कोणाच्या जातीचा, गावाचा किंवा समुद्राचा दाखला लागत नाही. कोळीवाड्यातल्या मुलीनं मासळीच रांधावी, चॉकलेटच्या वाटेला जाऊ नये, ही अपेक्षा कौतुकाच्या कागदात गुंडाळून येते. कागद काढला की आत जुनीच चौकट निघते: ज्यानं त्यानं आपापलं करावं.

टेकडीवरची वडी

आधी त्या वडीबद्दल. दांड्यातून चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत युनियन पार्क आणि पाली हिल येतं. एवढ्या अंतरात जगातले बहुतेक गोड पदार्थ काचेमागे मांडलेले दिसतात. तिथल्या एका कॅफेत मी पहिल्या पगारातून हा थराथरांचा पदार्थ खाल्ला होता. खाली ब्राउनी, मध्ये मिंट क्रीम, वर गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. एका तुकड्याला साडेतीनशेच्या वर पैसे गेले होते आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. दाताखाली आधी चॉकलेट तुटतं, मग जीभ गार पडते, आणि शेवटी कडसर कोको मागे राहतो. पुढे प्रत्येक वाढदिवसाला मी तिथे जायचे. एक दिवस मेनूतून तो पदार्थ गायब झाला. विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, ते सीझनल होतं."

आवडता पदार्थ असा परस्पर बंद झाला की दोनच वाटा उरतात. हळहळत बसायचं किंवा स्वतः करायचं. मी कढई घेतली.

आता एक गंमत बघा. त्या कॅफेच्या काचेआड फ्रेंच टार्ट असतो, इटालियन तिरामिसू असतो, जपानी मोची असतो. ते बनवणारी मुलं फ्रान्सची नसतात, इटलीची नसतात. कोणी नेपाळहून आलेलं असतं, कोणी झारखंडहून, कोणी कोकणातून. त्यांना कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझं ते काहीतरी कर ना. कारण वर पाटी कॅफेची आहे. टेकडीवर त्याच पदार्थाला 'ग्लोबल' म्हणतात. उतारावरून खाली दांड्यात आला की त्याची 'नक्कल' होते. साखर तीच, लोणी तेच, फक्त पिन कोडचं वजन वेगळं.

मिरची आणि कोको, एकाच गावच्या दोघी

'तुमचं ते' म्हणणाऱ्यानं ज्या कालवणावर ताव मारला, त्याचा लाल रंग कशाचा होता? मिरचीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचा कोळी मसाला होतो. मिरच्या गच्चीवर वाळतात, भाजल्या जातात, कुटल्या जातात आणि अख्ख्या आळीला शिंका येतात. कोळी जेवणाची ओळख सांगायची तर हा मसाला पहिला सांगावा लागेल.

आणि ही मिरची आमची नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांबरोबर सोळाव्या शतकात ती इकडच्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती, पिंपळी होती. 1534 साली वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्या दोनशे वर्षांत मिरची, काजू, पपई, अननस अशी कितीतरी मंडळी या किनाऱ्यावर घरच्यासारखी झाली. बटाटा आणि टोमॅटोही त्याच खंडातले.

कोको कुठला? तोही अमेरिका खंडातला. एवढंच नव्हे, तिथले अ‍ॅझ्टेक लोक कोकोचं फेसाळ पेय करायचे तेव्हा त्यात मिरची घालायचे. म्हणजे मिरची आणि कोको या एकाच गावच्या, एकाच पेल्यात नांदलेल्या दोघी. एक जरा लवकर जहाजात बसली आणि आमच्या पाट्यावर पोचली, तर ती 'परंपरा' झाली. दुसरी उशिरा आली, साहेबाच्या डब्यातून आली, तर ती 'कुठेही मिळणारी'. परंपरा म्हणजे काय, तर ज्याचं येणं लोक विसरले ते, एवढाच अर्थ मला यातून लागतो.

आणि खरं तर कोकोचं येणंही आपण विसरत आलोय. मराठी घरांत कित्येक वर्षं कुठल्याही चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणत आलेत. ठाण्यात एका चौकाचं नावच कॅडबरी जंक्शन आहे. केरळ, कर्नाटक, आंध्र इथल्या नारळ-सुपारीच्या बागांत कोको आंतरपीक म्हणून घेतात. नारळाच्या सावलीत वाढलेलं फळ नारळाच्या लोकांना परकं कसं?

पुदिन्याचं तर बोलायलाच नको. मेंथॉल ज्या पुदिन्यापासून काढतात तो उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास मोठ्या प्रमाणावर पिकतो. जगातल्या नैसर्गिक मेंथॉलचा फार मोठा भाग भारतातूनच जातो. त्या मेंथा तेलाचे वायदे ज्या एमसीएक्स बाजारात होत आले, त्याचं मुख्यालय आमच्यापासून फार लांब नाही, अंधेरी पूर्वेला चकाल्यात आहे. म्हणजे परदेशी कंपनीच्या 'मिंट' चॉकलेटमधला गारवाही बाराबंकीहून निघालेला असू शकतो.

"पण मिंट-चॉकलेट म्हणजे टूथपेस्ट खाल्ल्यासारखं लागतं," हा आक्षेप मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. चव ज्याची त्याची. पण विचार करा, जेवणानंतर मिठा मसाला पान खाता ना? गुलकंद, बडीशेप, खोबरं, आणि वरून ती गार झुळूक. ती कशाची? मेंथॉलचीच. आमच्या आजीच्या ट्रंकेत पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र केलेली अमृतधारेची बाटली असायची. पोट दुखलं की साखरेवर दोन थेंब. तिच्या पिढीची मुलं शाळेबाहेर पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची. गोड आणि गार ही जोडी आपल्या जिभेला नवी नाही. टूथपेस्ट फार नंतर आली, आणि तिनंच ही चव आपल्याकडून उसनी घेतली.

डब्यात काय होतं

आता जरा कृतीकडे, कारण वाद घालायचा तर आधी पदार्थ जमायला हवा. माझा पहिल्या तीन वेळा फसला.

पहिल्यांदा मी बाजारातून पुदिन्याची जुडी आणली, पानं मिक्सरमधून काढली आणि क्रीममध्ये घातली. आईनं चाटून बघितलं आणि म्हणाली, "बाय, सँडविचची चटणी गोड कशाला केलीस?" तिचं बरोबर होतं. आपल्या बाजारात येणारा पुदिना बहुतेक स्पिअरमिंट जातीचा. त्याचा मुख्य वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा, मेंथॉलचा नव्हे. याच कार्व्होनचं आरशातल्या प्रतिबिंबासारखं उलटं रूप शहाजिऱ्यात असतं, शेपूतही असतं. म्हणजे शेपू आणि पुदिना ही डाव्या-उजव्या हातासारखी भावंडं. चॉकलेटबरोबर जो झणझणीत गारवा हवा असतो तो पेपरमिंटचा, आणि त्यात मेंथॉल भरपूर असतं. शिवाय पानं वाटली की ती काळी पडतात आणि पाल्याचा उग्र वास सुटतो.

दुसऱ्यांदा मी पेपरमिंट तेल आणलं आणि अर्धा चमचा घातलं. ती वडी खाऊन भावाचं चोंदलेलं नाक मोकळं झालं, एवढाच तिचा उपयोग.

तिसऱ्यांदा प्रमाण जमलं, पण वरचं चॉकलेट गरम असतानाच ओतलं. मधला थर वितळून वर आला आणि डब्यात हिरवट-तपकिरी चिखल झाला.

चौथ्यांदा जमलेली कृती अशी. बोरबनची साधारण तीनशे ग्रॅम बिस्किटं क्रीमसकट बारीक करायची, ऐंशी ग्रॅम वितळलेलं लोणी घालायचं आणि बटर पेपर लावलेल्या डब्यात वाटीच्या बुडानं घट्ट दाबून बसवायचं. हा पाया फ्रीझरमध्ये अर्धा तास. ओव्हन लागत नाही, आणि आमच्याकडे तो नाहीही. मधल्या थरासाठी अडीचशे ग्रॅम चक्का. हो, श्रीखंडाचाच. क्रीम चीजपेक्षा स्वस्त, आणि त्याची हलकी आंबट चव साखरेला ताब्यात ठेवते. दोनशे मिली व्हिपिंग क्रीममधलं अर्धं क्रीम कोमट करून त्यात मूठभर पुदिन्याची पानं अर्धा तास भिजवायची आणि गाळून घ्यायची. वाटायची नाहीत. हे क्रीम उरलेल्या क्रीममध्ये मिसळून फ्रीजमध्ये पूर्ण गार करायचं, मग फेटायचं, नाहीतर ते फुगत नाही. त्यात चक्का, शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि खाण्याच्या पेपरमिंट इसेन्सचे तीनच थेंब. चौथा थेंब घालायचा मोह होतो. घालू नका. हिरवा रंगही घालू नका. हा थर फ्रीझरमध्ये चार तास.

वरच्या थराला दीडशे ग्रॅम डार्क चॉकलेट आणि शंभर मिली फ्रेश क्रीम. क्रीम गरम करून चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग हलक्या हातानं ढवळायचं. भांडं कोरडंठाक हवं. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला तरी ते खरखरीत गोळा होतं. आता सगळ्यात महत्त्वाचं: हे मिश्रण मनगटावर लावून बघायचं. गरम लागत असेल तर थांबायचं, काही लागेनासं झालं की ओतायचं. नुसतं चॉकलेट वितळवून ओतलं तर वर कडक पत्रा तयार होतो, आणि सुरी दाबली की पत्रा फुटून मधला थर बाजूनं बाहेर येतो. क्रीम त्यासाठीच.

दोन अडचणी खास आमच्या. पहिली मुंबईच्या हवेची. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. मे महिन्यात आमच्या पत्र्याखालच्या खोलीत तेवढं सहज होतं. म्हणून बाजारात वड्यांसाठी 'कंपाउंड' मिळतं, ज्यात कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी असते. ते उन्हात टिकतं, पण तोंडात मेणासारखं राहतं. पाकिटामागचे घटक वाचून घ्या. मी खरं चॉकलेट वापरते आणि वडी खायच्या पाच मिनिटं आधी बाहेर काढते.

दुसरी अडचण वासाची. आमच्या फ्रीजमध्ये मासळी असते, आणि लोणी, क्रीम, चॉकलेट हे सगळे चरबीचे पदार्थ आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतात. एकदा कोळंबीशेजारी उघडा ठेवलेला डबा मी अख्खा फेकून दिला होता. तेव्हापासून दोन झाकणांचा डबा, वर प्लास्टिकची पिशवी. आणि सगळ्यात चांगला हंगाम म्हणजे जून-जुलै. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर आणि फ्रीझर रिकामा. बाकी मुंबई पावसात भजी तळते तेव्हा मी थर लावते.

नक्कल कोणाची?

"पण शेवटी ते त्या कॅफेची कॉपी." हा दुसरा आक्षेप.

बरं, मग कॅफेनं कोणाची केली? अमेरिकेत 1950 च्या दशकात 'ग्रासहॉपर पाय' नावाचा पदार्थ गाजला. खाली चॉकलेट बिस्किटांचा चुरा, वर हिरवट मिंट क्रीम. तो 'ग्रासहॉपर' नावाच्या कॉकटेलवरून घेतला होता. म्हणजे पेल्यातल्या दारूची नक्कल बशीत आली. इंग्लंडमध्ये राउंट्री कंपनीनं 1962 साली 'आफ्टर एट' काढलं, चॉकलेटच्या पातळ पापुद्र्यात मिंट. मोठ्या लोकांच्या रात्रीच्या जेवणानंतरचा थाट सामान्य माणसाला खोक्यात घालून विकायची ती युक्ती होती. माझ्या पायातलं बोरबन बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं 1910 साली काढलं, आणि त्याला फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव दिलं. राजघराण्याचा बिस्किटाशी काय संबंध? काही नाही. आज ते दांड्याच्या नाक्यावर किराण्याच्या दुकानात लटकतं.

एकमेकांवर थर लावायची हौसही कुणा एकाची नाही. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाचं दूध, अंडी, साखर, तूप. एकेक थर वरून आच देऊन भाजायचा, तो झाला की पुढचा. माहीमच्या हलव्याच्या चौकोनी पातळ पापड्या, मध्ये बटर पेपर, तेही थरच. थर लावायला धीर लागतो आणि तो आमच्या किनाऱ्यावर भरपूर आहे.

याहून मोठी गंमत खुद्द पुदिन्याची आहे. मिंट खाल्लं की तोंड गार पडतं, पण तोंडाचं तापमान उतरत नाही. आपल्या नसांमध्ये थंडी ओळखणारं एक दार असतं, मेंथॉल ते उघडतं आणि मेंदूला खोटी वर्दी जाते. 2002 साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन या दोघांनी, स्वतंत्रपणे, मेंथॉल वापरूनच हे दार शोधलं. त्याच ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये मिरचीच्या तिखटानं उघडणारं उष्णतेचं दार शोधलं होतं. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, त्यात हे संशोधनही होतं. म्हणजे आईचं कालवण भाजल्याची नक्कल करतं आणि माझी वडी बर्फाची. दोन्ही खोट्या वर्द्या, आणि दोन्हींवर माणसं जीव टाकतात. मग नक्कल या शब्दाला नाक मुरडायचं काय कारण?

मासळीची खिडकी

मुद्दा फक्त चॉकलेटचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

गेल्या काही वर्षांत कोळीवाड्यांबद्दल शहराला अचानक प्रेम आलंय. वेसाव्याच्या कोळी सीफूड फेस्टिव्हलला तोबा गर्दी होते. माहीम कोळीवाड्यात सीफूड प्लाझा झाला. त्याचा मला आनंदच आहे. तिथे बायकांच्या हातात पैसा येतो, त्यांच्या हाताला नाव मिळतं. माझी आईही ऑर्डरी घेते, त्या पैशांतूनच आमचा फ्रीज आला. त्या बायकांवर माझा राग नाही, आणि असला तर तो खोटा ठरेल.

माझा राग त्या खिडकीवर आहे जिच्यातून आमच्याकडे बघितलं जातं. खिडकी एवढीच: मासळी, मसाला, नऊवारी, आणि शिमग्याचं नाचगाणं. तिच्यात मावेल तेवढे आम्ही दिसतो. त्याबाहेर आमच्यात कोणी कोडिंग करतं, कोणी कोरियन मालिका बघतं, कोणाला मासळीच आवडत नाही, कोणाला पुदिन्याचं चॉकलेट आवडतं. हे खिडकीत मावत नाही, म्हणून ते 'खरं' नाही. माझ्याच वयाची एक मुलगी घरून केक करून विकते. तिला सल्ला मिळाला, "पेजवर केकऐवजी फिश फ्राय टाक, रीच वाढेल." वाढेलही. पण सहा महिने राबून ती जे शिकली ते दाखवू नये आणि जन्मानं जे मिळालं तेवढंच दाखवावं, असा याचा अर्थ होतो. हे एखाद्या डॉक्टरच्या मुलीला कोणी सांगेल का?

इथे कोणी गंभीर चेहऱ्यानं म्हणेल, "पण अशानं तुमचे जुने पदार्थ विसरले जातील." ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. आईच्या हातचा नारळीपौर्णिमेचा नारळी भात मला अजून तिच्यासारखा जमत नाही, आणि ते शिकणं माझ्याकडे बाकी आहे. पण मिंट चॉकलेटनं नारळी भात मारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. एकाच घरात, एकाच गॅसवर दोन्ही होतात. कोळी जेवणाला धोका कुठून आहे ते बघायचं असेल तर जरा किनाऱ्यावर या. जाळ्यात पूर्वीइतकी मासळी येत नाही असं आमची जुनी माणसं सांगतात. बोंबील वाळत घालायला जागा आक्रसत चाललीय. समोर समुद्रात वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे आणि होड्यांच्या वाटेचं काय, हा प्रश्न मच्छीमार विचारत आलेत. आमचा वारसा जपायची कळकळ असलेल्यांनी त्या प्रश्नात आवाज मिसळावा. मी चॉकलेट वितळवताना दिसले की वारसा आठवणारी माणसं तेव्हा कुठे जातात?

हिशेबाचंही प्रामाणिकपणे सांगते. एका डब्याला मला साधारण सहाशे रुपये पडतात आणि सोळा वड्या होतात. वडीमागे चाळीसच्या आत. पण यात माझे चार तास धरलेले नाहीत, फसलेले तीन डबे धरलेले नाहीत. कॅफेच्या साडेतीनशेत जागेचं भाडं, पगार, एसी, सगळं असतं. म्हणून 'कॅफे लुटतात, घरी फुकटात होतं' असं मी म्हणणार नाही. पौष्टिक आहे असंही म्हणणार नाही, साखर आणि लोणी कुठेही साखर आणि लोणीच असतं. मी घरी करते कारण आता ते मला कोणी मेनूतून काढू शकत नाही.

आणि जसंच्या तसं जमतं का? नाही. कॅफेच्या वडीत खाली ब्राउनी होती, माझ्यात बिस्किट. तिच्यात चक्का नव्हता. मध्यंतरी त्याच भागात दुसरीकडे तसाच पदार्थ मिळाला तर मी हौसेनं खाल्ला, आणि पहिल्या घासाला वाटलं, यात जरा आंबटपणा हवा होता. माझी जीभ आता माझ्या डब्याला सरावलीय. आईची तर पूर्णच. गेल्या महिन्यात तिच्या दोन मैत्रिणी बाजारातून येता येता घरी टेकल्या, तर मला न विचारता तिनं डबा काढला आणि त्यांना सांगितलं, "हे आमच्याकडचं हाय. चावू नको, जिभेवर ठेव."

'आमच्याकडचं' असं ती म्हणाली, आणि तिला कोणी दाखला विचारला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोळीवाड्यात जेवायला याल तर या. कालवण मिळेल, भाकरी मिळेल, व्हिडिओही काढा. त्यानंतर डबा उघडला जाईल. काही सांगायचंच असेल तर इसेन्सचा एक थेंब कमी हवा होता की जास्त, ते सांगा. मी पुढच्या खेपेला बदलून बघेन.